दहापर्यंत मोजण्याचा हंगाम

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की आमच्या स्टँडातलं वेळापत्रक नुसतं भिंतीला टांगायच्या कामाचं उरतं. वारणानगरची गाडी कुठल्या वळणावर अडकली ते तिच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही, आणि सगळे लोक मात्र माझ्या खिडकीपुढं. गेली बावीस वर्षं मी एसटीच्या चौकशी खिडकीत बसते. प्रश्न पुरा ऐकून घेण्याची माझी रीत नव्हती. समोरच्यानं ‘गड’ म्हटलं की ‘गडहिंग्लज, फलाट चार, सव्वादहा’ असं सांगून मी मोकळी. पुढचा माणूस खिडकीला लागलेला असायचा. माझ्या या तोंडाचं स्टँडभर कौतुक होतं आणि मलाही त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला. ‘ह... ह...’ एवढंच. हातातल्या पिशवीवर हातकणंगल्याच्या कापडदुकानाचं नाव होतं, तेव्हा मला पहिल्याच ‘ह’ला कळलं होतं. मागच्या रांगेलाही दम नव्हता. “हुपरी म्हना की, पावणं!” “हातकणंगलं आसंल त्येचं. सांगा की बाई, गाडी चाललीया आमची.” मी हात वर करून रांग गप्प केली. “थांबा जरा. त्यांना बोलू द्या.” आणि मनात मोजायला लागले. नवाला त्यांच्या तोंडून ‘हातकणंगले’ बाहेर पडलं, अख्खं. मी फलाट सांगितला. ते मान हलवून गेले. शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, तब्येत बरी हाय न्हवं तुमची?”

तिला काय सांगणार? ड्यूटी संपवून घरी येताना वाऱ्यावर गुऱ्हाळातल्या उसाच्या चिपाडाचा धूर येतो, त्यात उकळत्या रसाचा गोड, थोडा करपट वास असतो, आणि मला तो एकच हंगाम आठवतो. लोकांना तो वास आला की काकवी आठवते. मला स्टीलचे दोन पेले आठवतात.

आबा, म्हणजे माझे वडील, गुळव्या होते. गडमुडशिंगीच्या शिवारात बाळगोंडा अण्णांचं गुऱ्हाळ आहे, तिथं त्यांचे चाळीस हंगाम गेले. गुळव्या म्हणजे काहिलीचा, रस उकळायच्या त्या मोठ्या कढईचा धनी. रस अण्णांचा, चिपाड अण्णांचं, गडी अण्णांचे, पण काहील कधी उतरायची ते गुळव्या सांगणार. आबा उजवा हात गार पाण्यात बुडवायचे आणि तोच हात उकळत्या पाकात घालून बोटांवर चिमूटभर पाक उचलायचे. तो परत पाण्यात धरून त्याची गोळी वळायचे. ती गोळी बोटांत दाबून बघितली की त्यांना कळायचं. क्षणभर आधी उतरलं तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर काळवंडतो. त्या वेळी काहिलीभोवती गुळव्याशिवाय कुणी बोलायचं नाही, असा रिवाज. एरवी आईमाईवरून एकमेकांना हाका मारणारे गडी तेवढ्यापुरते देवळात उभे राहिल्यासारखे गप्प व्हायचे. मग आबांचा आवाज यायचा, “उतरा!” लहानपणी मला वाटायचं, गूळ हातानं होत नाही, या शब्दानं होतो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर काहिलीखालचं चुलवाण पेटलं आणि चौथ्याच दिवशी आबा काहिलीशेजारी खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अण्णांनी जीपमध्ये घालून शहरात आणलं. जीव वाचला. मोठ्या डॉक्टरांनी आठव्या दिवशी सांगितलं की औषधाचं काम झालं, आता खरं काम पुनर्वसनाचं. आईनं दचकून विचारलं, “पुनर्वसन? आमचं काय धरणात गेलंय व्हय?” आमच्या जिल्ह्यात हा शब्द धरणग्रस्तांसाठीच ऐकलेला. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. आबांच्या डोळ्यांकडं बघितलं तर एक अख्खं गाव पाण्याखाली गेलेलं दिसत होतं, आणि आतली माणसं जिवंत होती.

आईआबा माझ्या दोन खोल्यांत राहायला आले. नवरा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, तो आठवड्यातून दोन दिवस घरी. आमची समजूत अशी की आता मालिश करायची आणि वाट बघायची. कुणी तेल सांगितलं, कुणी पारव्याचं रक्त चोळा म्हणालं. आईनं दोन्हींची तयारी ठेवली होती. पण रोज सकाळी त्या पुनर्वसन केंद्रात जायला लागलो आणि कळलं, इथं चोळणारं कुणीच नाही. इथं सगळे आबांनाच कामाला लावतात.

तिथल्या तिघांना आईनं आपली नावं ठेवली. पायाचा डॉक्टर, हाताची बाई आणि बोलायची बाई. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी ही नावं दारावरच्या पाटीवर होती, पण आईच्या नावांनी जास्त कळायचं. अर्थात तेही पुरतं खरं नव्हतं. पायाचा डॉक्टर खांदाही बघायचा. आणि बोलायच्या बाईनं पहिल्या दिवशी आबांना बोलायलाच लावलं नाही. चमच्यानं पाणी पाजलं आणि दोन बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवून बघत बसली. आबा खोकले. ती म्हणाली, “पातळ पाणी, पातळ चहा बंद. घास चुकीच्या वाटेनं छातीत जातोय. दाट आंबिलीसारखं द्या, हनुवटी खाली घेऊन गिळू दे. गिळणं आधी, बोलणं नंतर.” बोलायची आणि गिळायची वाट गळ्यात शेजारी-शेजारी असते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. आईला मात्र तेवढ्यानं हायसं वाटलं. आंबील तिच्या हातची होती.

पायाच्या डॉक्टरचा पहिला राग सर्जादादावर निघाला. सर्जा माझा चुलत भाऊ, आबांच्या हाताखाली वीस वर्षं राबलेला, त्या हंगामात त्यांच्या जागी गुळव्या म्हणून उभा राहिलेला. रात्रभर काहील सांभाळून तो सकाळी मोटारसायकलवरून यायचा आणि आबांना काखेत हात घालून पोतं उचलावं तसा उचलायचा. “अहो, खांदा निखळेल त्यांचा! त्या हाताला धरून ओढायचं नाही.” सर्जा ओशाळला. मग डॉक्टरनं शिकवलं, कुशीवर कसं वळायचं, पाय खाली सोडून कसं बसायचं, उठताना नाक गुडघ्यांच्या पुढं कसं आणायचं. एवढा मोठा गडी, पण खाटेच्या कडेला सरळ बसायला आबांना नऊ दिवस लागले. लुळ्या पायावर भार टाकताना आबांच्या कपाळावर घाम यायचा, थंडीच्या दिवसांत. सर्जा हात मागं बांधून शेजारी उभा राहायचा. त्याला उचलायला परवानगी नव्हती.

आईचा अपमान हाताच्या बाईनं केला. म्हणजे आईला तसं वाटलं. आई भाकरी दुधात कुस्करून आबांना घास भरवायची. बाई म्हणाल्या, “आजी, ताट त्यांच्यापुढं ठेवा आणि तुम्ही आपल्या हातांवर बसा.” चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून जाड केलं होतं, ताट सरकू नये म्हणून खाली ओलं पोतेरं. आबांचा पहिला घास गालावर गेला, दुसरा सदऱ्यावर. तिसऱ्याला आई उठून बाहेर गेली आणि जिन्यात रडली. “माणूस उपाशी बसवायला डागदर लागतोय व्हय गं, सुमे? पन्नास वर्सं घातलंय मी त्येंच्या म्होरं.” मी तिची समजूत घातली नाही. मलाही तेच वाटत होतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी आईला जवळ बसवून सांगितलं, “तुम्ही भरवलं की त्यांचं पोट भरतं, हात उपाशी राहतो.” त्या दिवसापासून आबांचं जेवण होईपर्यंत ती खरोखर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायची. तासभर. गार झालेलं कालवण बघत.

याच बाईंनी विचारलं होतं, “आबा काम काय करायचे?” इतक्या तपासण्या झाल्या, इतके कागद झाले, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी गुळव्याचं काम सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी स्टीलचे दोन पेले आणले, एकात गार पाणी, एकात कढत. आबांना डोळे मिटायला सांगितले आणि उजव्या हाताला एकेक पेला टेकवला. “गार आहे की गरम? गार असेल तर मान हलवा.” आबांनी दोन्हींना मान हलवली. पुन्हा टेकवले. पुन्हा दोन्हींना. मग त्यांनी डोळे उघडून कढत पेल्यातून निघणारी वाफ बघितली. मग हात बघितला. चाळीस वर्षं उकळता पाक ओळखणारा तो हात मांडीवर पडून होता. आबा रडले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि सदऱ्याच्या आत घालून ठेवला.

बाई म्हणाल्या, “हा हात आता विस्तवाजवळ न्यायचा नाही, त्याला भाजलेलं कळणार नाही. डाव्याला शिकवू.” त्या दिवसापासून घरी परातीत गार पाणी आणि शेजारी मऊ कणीक. आबा डाव्या हातानं चिमूट उचलायचे, पाण्यात धरून गोळी वळायचे. पहिल्यांदा नुसता लगदा. संक्रांतीपर्यंत गोळ्या वाटाण्याएवढ्या, एकसारख्या. आई त्या मोजून मुंग्यांना घालायची.

आणि बोलणं. त्याची गोष्ट सांगायची म्हणजे माझीच सांगावी लागते.

शब्द आबांच्या डोक्यात होते, वाट मोडली होती. बोलायच्या बाईंनी गाईचं चित्र दाखवलं. आबांनी ओठ हलवले, मान ताणली, आणि एकाएकी खणखणीत “आयला!” बाहेर पडलं. मी लाजेनं मेले. बाई मात्र टाळ्या वाजवून हसल्या. शिवी, आरती, एक ते दहा आकडे ही जिभेला पाठ झालेली बोली वेगळ्या वाटेनं येते, ती बऱ्याचदा शाबूत असते, असं त्यांनी सांगितलं. तसंच होतं. आबा एक ते दहा घडाघडा मोजायचे, पण हाताची बोटं दाखवून ‘किती?’ विचारलं की पाच सापडायचे नाहीत.

“सकाळी काय खाल्लं, आबा?” बाईंनी एकदा विचारलं. “भाकरी आणि दूध,” मी सांगितलं. “झोप लागली का?” “लागली की, दोनदा उठले फक्त.” बाईंनी पेन खाली ठेवलं. “ताई, पेशंट कोण आहे?”

मी चिडले. आमच्या घरात कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं मला आठवत नाही. आमच्याकडं बोलणं म्हणजे एकमेकांच्या अंगावर धावून जाणं, आणि कुणी गप्प बसलं तर ते रुसलं असं समजतात. आबा ‘च’ म्हणाले की मी चहा आणायची. त्यांना कधी चष्मा हवा असायचा, ते हात झटकायचे, मी म्हणायची, “मग नीट सांगा की!” भेटायला येणारे पावणे तर ते बहिरे असल्यासारखे कानाशी ओरडायचे, आणि उत्तर मला विचारायचे. बाईंनी मला एकच काम दिलं. “प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा. सावकाश. तोंड उघडायचं नाही. तुम्हाला ती शांतता वाटते, पण आत आबा शोधत असतात. तुम्ही बोललात की त्यांच्या हातातून सुटतं.”

दहा हा फार मोठा आकडा आहे. ज्याला पटत नाही त्यानं आपल्या माणसाच्या वाकड्या ओठांकडं बघत मोजून बघावं. पहिले पंधरा दिवस मी चारच्या पुढं गेले नाही.

पौष संपताना आबा रोज डावा हात खिडकीकडं करायला लागले. मग बोटांनी हवेत गोळी वळायचे. गुऱ्हाळ. बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, “तिथं गेल्यावर यांना काय बोलावं लागतं?” मी म्हटलं, “एकच शब्द.” मग तीन आठवडे तोच. आरशापुढं ओठांचा चंबू, ‘उ’. कधी ‘उ’वरच थांबायचं, कधी भलताच शब्द यायचा, कधी नुसती हवा. पण येऊ लागला. आठाला, नवाला, एकदा अगदी दहाला. ज्या सकाळी तो पहिल्यांदा अख्खा आला त्या सकाळी आईनं चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. आबा इतके हसले की त्यांच्या ओठाची वाकडी बाजूसुद्धा थोडी वर गेली. मीही सुधारले होते. माझे दहा पुरे व्हायचे.

हंगामाचं शेवटचं आदण, म्हणजे शेवटची काहील, माघात लागलं. अण्णांनी जीप पाठवली. सकाळचे दहा वाजले असतील. आबा काठी टेकत, पाय ओढत, स्वतः चालत काहिलीपाशी गेले. गडी बाजूला झाले. कुणीतरी खुर्ची मांडली. रस तांबूस होऊन फुगत होता, मळी काढून झाली होती, चुलवाणाशी जळव्या चिपाड सारत होता. आबांनी मान पुढं करून वास घेतला. इतक्या महिन्यांत त्यांचा तसा चेहरा मी बघितला नव्हता.

पाक जवळ आला तशी सर्जानं गार पाण्याची बादली आबांच्या डाव्या हाताशी आणून ठेवली. “काका,” तो म्हणाला, “हंगामभर म्या सांगितलं. आजचं तुमी सांगायचं.” अण्णांनी मान डोलावली. काहिलीभोवती सगळं गप्प झालं. रिवाजाप्रमाणं.

आबांनी उजवा हात सदऱ्यात ठेवला. डावा पाण्यात बुडवला, पाकात घातला, काढला, पाण्यात धरला. गोळी वळली. दाबली. आणि मान वर केली. त्यांना कळलं होतं. तिथल्या प्रत्येकाला दिसलं की त्यांना कळलं आहे.

ओठांचा चंबू झाला. उ.

एक. दोन. फेस बसायला लागला होता. तीन. चार. जळव्यानं चिपाड थांबवून माझ्याकडं बघितलं. पाच. रंग बदलत होता. अण्णा खाकरले. सर्जा काहील उचलायच्या साखळीला हात घालून उभा, त्याच्या कपाळावरची शीर दिसत होती, त्याला माझ्यापेक्षा कितीतरी आधी कळलं होतं. तरी तो थांबला होता. सहा. मला करपट वास आला, का नुसता भास झाला, मला आजही सांगता येत नाही. आबांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. सात.

“उतरा!”

माझा आवाज. खिडकीतला, रांगेच्या शेवटापर्यंत पोचणारा.

साखळी खडखडली, गड्यांनी काहील उचलली, पाक निववायच्या वाफ्यात पडायला लागला आणि एकदम सगळे बोलायला लागले. “साधलं बगा!” “आबांनी बगितलं म्हंजे बगितलं!” पिवळाधमक पाक होता, अण्णा हात चोळत हसत होते. मी आबांच्या खुर्चीशेजारी होते, माझा कान त्यांच्या तोंडापासून वीतभर. आबा रिकाम्या चुलवाणाकडं बघत होते. त्या गलक्यात ते म्हणाले, “उतरा.” स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता. माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

सर्जादादानं ऐकलं नव्हतं, पण त्यानं माझा आवाज ओळखला होता. साखळी सोडून तो माझ्याकडं आला. “आदण गेलं आस्तं तर गेलं आस्तं, सुमे,” एवढंच म्हणाला.

आबा त्यानंतर दोन वर्षं जगले. काठीनं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचे, स्वतःच्या हातानं जेवायचे, ‘चहा’, ‘चष्मा’, आईला ‘बस’ असे पुष्कळ शब्द त्यांना मिळाले. मी दहापर्यंत मोजायची, कधी वीसपर्यंतही. पण खिडकीकडं हात करून त्यांनी पुन्हा कधी हवेत गोळी वळली नाही. पुढच्या दसऱ्याला वाऱ्यावर तो वास आला, तेव्हा मी त्यांच्यापुढं बसले आणि विचारलं, “आबा, जायचं का गुऱ्हाळावर?” आणि ओठ मिटून मोजायला तयार झाले.

“न्हाय,” आबा म्हणाले. माझं एकसुद्धा मोजून झालं नव्हतं.